कर्ता कोण? : खिडक्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनाची एक समीक्षा

१

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्रोग्रॅमिंग शिकावे की नाही, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. शब्दसंग्रह, बोलींच्या नोंदी, वाक्यांचे साठे ही सर्व सामग्री आज संगणकावर राहते. आणि ती हाताळण्याची तयार साधने आपल्या भाषेच्या गरजा जाणून केलेली असतातच असे नाही. म्हणून पदव्युत्तर वर्गातील पुष्कळ विद्यार्थी लहानसहान प्रोग्रॅम स्वतः लिहू लागतात. काळ्या पडद्यावर ओळी टंकून चालणाऱ्या प्रोग्रॅमवर मात्र त्यांचे समाधान फार दिवस टिकत नाही. ज्यात खिडकी आहे, मजकूर लिहावयास चौकट आहे, दाबावयास बटण आहे, असा प्रोग्रॅम आपल्याला करता यावा, असे त्यांना वाटू लागते. ही इच्छा रास्त आहे. कारण सहकाऱ्याच्या हाती द्यावयाचे साधन असे असेल तरच ते वापरले जाते. ही विद्या ज्या रीतीने शिकविली जाते, त्या रीतीची समीक्षा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या समीक्षेला निमित्त झाले ते एका दुपारचे. आमच्या एका संशोधक विद्यार्थ्याने मालवणी शब्दांच्या नोंदी करण्यासाठी असा एक प्रोग्रॅम तयार केला होता. शब्द, अर्थ, गाव आणि बोलणाऱ्याचे वय लिहून बटण दाबले की नोंद खालच्या यादीत जाऊन बसे. प्रोग्रॅम दिसावयास नीटनेटका होता. त्या दुपारी चाळीसएक नोंदी झाल्यावर त्याने जुन्या मोठ्या संग्रहात एक शब्द शोधण्यासाठी 'शोध'चे बटण दाबले. खिडकी गोठली. बराच वेळ वाट पाहून त्याने ती बळेच बंद केली, आणि दुपारभराच्या नोंदी गेल्या. त्या नोंदी यादीत दिसत होत्या, पण यादीखेरीज अन्यत्र कोठेच नव्हत्या. ज्या वृद्ध बाईंकडून त्या मिळाल्या होत्या त्यांच्याकडे पुन्हा जाणे शक्य होते, म्हणून हानी भरून निघाली. नेहमीच तसे होईल असे नाही. विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकात सांगितलेले सर्व काही अचूक केले होते. त्याला ते पुस्तक सुचविणारा आणि त्याच क्रमाने शिकविणारा अध्यापक प्रस्तुत लेखकच होता. तेव्हा पुढील टीका जितकी पुस्तकांवर आहे, तितकीच ती स्वतःच्या अध्यापनावरही आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

२

या विषयावरील प्रचलित प्राथमिक पुस्तके चाळली असता त्यांची रचना बहुधा एकाच साच्याची आढळते. पहिल्या प्रकरणात रिकामी खिडकी, दुसऱ्यात तीवरील अक्षरपट्टी, तिसऱ्यात बटण, मग लिहावयाची चौकट, निवडीच्या खुणा, यादी, सरकपट्टी, मेनू. प्रत्येक विजेटचे गुणधर्म कोष्टकात दिलेले असतात. शेवटी एखादा गणकयंत्राचा किंवा कामांच्या यादीचा नमुना असतो. ही रचना शब्दकोशाची आहे, व्याकरणाची नव्हे. परभाषा शिकू इच्छिणाऱ्याच्या हाती नामांची सचित्र यादी द्यावी आणि क्रियापदे कशी चालतात हे परिशिष्टात सांगावे, तसा हा प्रकार आहे. अशा शिक्षणाने वस्तूंची नावे येतात, वाक्य येत नाही.

हे सदैव असेच होते असे नाही. चार्ल्स पेट्झोल्ड यांचे 'प्रोग्रॅमिंग विंडोज' हे पुस्तक १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, आणि विंडोजसाठी लिहिणाऱ्या एका पिढीने त्यावर हात बसविला. त्याच्या १९९८ च्या पाचव्या आवृत्तीचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. दुसरे प्रकरण युनिकोड या अक्षरसंकेतावर आहे. तिसरे खिडक्या आणि त्यांना येणारे संदेश यांवर आहे. बटणे आणि चौकटी यांना थेट नवव्या प्रकरणात प्रवेश मिळतो. म्हणजे लिपीचा प्रश्न प्रथम, संदेशांची देवघेव त्यानंतर, आणि वस्तूंची यादी सर्वांच्या मागून. हा क्रम शिकणाऱ्याला कष्टाचा होता यात शंका नाही. कोरी खिडकी दिसावी एवढ्यासाठीही कित्येक ओळी लिहाव्या लागत. पण त्या ओळींत एक लहानसे चक्र विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने लिहावे लागे : संदेश घे, तो ज्या खिडकीचा असेल तिच्याकडे पाठव, पुन्हा पुढच्या संदेशाची वाट पाहा. प्रोग्रॅमचे खरे क्रियापद ते होते, आणि ते डोळ्यांसमोर होते.

१९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकने ते क्रियापद नजरेआड केले. पडद्यावर बटण रेखाटावे, त्यावर दोनदा टिचकी मारावी आणि उघडलेल्या रिकाम्या जागेत चार ओळी लिहाव्यात, एवढे केले की प्रोग्रॅम चालू लागे. या सोयीचे ऋण मान्य केले पाहिजे. संगणकशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या असंख्य लोकांना, हिशेबनिसांना, शिक्षकांना, अभियंत्यांना, तिने प्रोग्रॅमिंगच्या अंगणात आणले. आज पायथन भाषेबरोबर मिळणाऱ्या टीकिंटर या टूलकिटमध्ये त्या चक्राचा मागमूस शेवटच्या ओळीतील 'मेनलूप' या एका शब्दापुरता उरला आहे. त्या ओळीनंतर काही लिहिले तर ते खिडकी बंद होईपर्यंत का घडत नाही, या प्रश्नाने प्रत्येक नवा विद्यार्थी एकदा तरी चक्रावतो.

व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे क्रियापद अध्याहृत आहे. अध्याहार हा दोष नव्हे. 'तुमचे गाव कोणते?' या वाक्यात 'आहे' नसले तरी मराठी माणसाचे काही अडत नाही; कारण ते त्याच्या मनात असतेच. पण ज्याने ते क्रियापद कधीच ऐकलेले नाही, त्याच्यापुढे ते गाळलेली वाक्येच ठेवीत गेलो, तर तो वाक्याचा अर्थ अंदाजानेच लावीत राहणार. आजच्या प्राथमिक पुस्तकांचा मुख्य दोष हा आहे. जाणत्याने काय गाळावे हे ती नवख्याला प्रथम शिकवितात.

३

हे क्रियापद कोणते आणि त्याचा कर्ता कोण, हे आता पाहू.

विद्यार्थी आरंभी जे प्रोग्रॅम लिहितो, त्यांत वरून खाली एक सरळ क्रम असतो. प्रोग्रॅम विचारतो, 'शब्द सांगा', वापरणारा सांगतो, प्रोग्रॅम पुढचा प्रश्न करतो. येथे वापरणाऱ्याची स्थिती वकिलापुढील साक्षीदारासारखी असते. विचारले तेवढेच, आणि विचारले तेव्हाच त्याने बोलावयाचे. सूत्रे सर्वस्वी प्रोग्रॅमच्या हाती असतात.

खिडकीच्या प्रोग्रॅममध्ये हे नाते उलटते. वापरणारा आधी गाव लिहील किंवा शब्द लिहील. मध्येच खिडकी लहान करील. बटण दोनदा दाबील. काही न करता उठून जाईल. काय घडेल आणि कोणत्या क्रमाने घडेल, हे तो ठरवितो. प्रोग्रॅमने फक्त तत्पर असावयाचे. आपण लिहिलेल्या फंक्शनांना आपण बोलावीत नाही; घटना घडली म्हणजे टूलकिट त्यांना बोलावते. जाणकार लोक याला गमतीने हॉलिवूडचे तत्त्व म्हणतात. कारण तेथील नटांना आपण होऊन विचारणा न करता बोलावणे येण्याची वाट पाहण्यास सांगितले जाते.

पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना स्वातंत्र्य हा निकष ठेवला, आणि त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याला हेतू व कर्ता अशा दोन्ही संज्ञा दिल्या. आपल्या शालेय व्याकरणातील प्रयोजक क्रियापदांचे मूळ या विचारात आहे. 'आई बाळाला जेववते' यात जेवणारे बाळ आहे, पण प्रवृत्ती आईची आहे. खिडकीच्या प्रोग्रॅमचे सर्व वाक्य असे प्रयोजक आहे. शोध घेणारे यंत्र आहे. शोध घेवविणारा मनुष्य आहे. सरळ क्रमाच्या प्रोग्रॅमची सवय झालेला विद्यार्थी स्वतःच्या प्रोग्रॅमला स्वतंत्र कर्ता समजून लिहीत राहतो. त्याच्या बहुतेक चुकांचा उगम या गैरसमजात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गोठलेल्या खिडकीचे उदाहरण घ्या. टपाल कचेरीतील ज्या खिडकीपाशी आपण रांग लावतो, तिच्यामागे एकच कारकून बसलेला असतो. तिकीट देणे, मनीऑर्डर घेणे, चौकशीला उत्तर देणे ही लहान कामे तो एकामागून एक उरकतो, म्हणून रांग सरकते. कोणी एखाद्याने दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीची चौकशी केली आणि कारकून स्वतः उठून दप्तरखान्यात गेला, तर खिडकी उघडी दिसत असूनही कचेरी बंद पडल्यासारखीच होते. खिडकीच्या प्रोग्रॅममधील घटनाचक्र हा असा एकटा कारकून आहे. बटणामागील फंक्शन काम संपवून परतेपर्यंत त्याला दुसऱ्या कोणत्याही घटनेकडे पाहता येत नाही. खिडकी पुन्हा रंगविणे हेही त्याचेच काम असल्यामुळे तेही थांबते. आमच्या विद्यार्थ्याचे 'शोध' हे फंक्शन सबंध संग्रह वाचून होईपर्यंत परतणारच नव्हते. ते तर्कदृष्ट्या बरोबर होते, पण वागणुकीच्या दृष्टीने अयोग्य होते.

उपाय दोन आहेत. एक तर मोठे काम लहान तुकड्यांत करावे, म्हणजे हजार शब्द पाहून कारकुनाने रांगेकडे वळावे आणि पुन्हा पुढचे हजार पाहावेत. नाही तर दप्तरखान्यात दुसरा माणूस, म्हणजे वेगळा थ्रेड, पाठवावा. मात्र दुसऱ्याने खिडकीवर येऊन स्वतः व्यवहार करू नयेत. चिठ्ठी कारकुनाकडे द्यावी. क्यूट आणि जावाचे स्विंग या दोन्ही टूलकिटांचा नियम हाच आहे : विजेटांना हात लावावयाचा तो एकाच थ्रेडने. पुस्तकांत हा नियम येतो, पण फार मागच्या पानांत, 'प्रगत विषय' या मथळ्याखाली येतो. ज्या नियमावाचून पहिला खराखुरा प्रोग्रॅम कोसळतो, त्याला प्रगत म्हणावे कसे?

४

आता दोन विशिष्ट चुकांकडे वळू. दोन्ही इतक्या सार्वत्रिक आहेत की त्यांना चुका म्हणण्यापेक्षा शिकण्याच्या पायऱ्या म्हणणे योग्य ठरेल. पुस्तके त्यांची बोळवण 'येथे कंस लिहू नये', 'येथे असे लिहावे' अशा सूचनांनी करतात. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यांत आपलेच जुने प्रश्न दिसतात.

पहिली चूक अशी : बटणाला फंक्शन जोडताना विद्यार्थी 'कमांड = शोध' असे न लिहिता 'कमांड = शोध()' असे लिहितो. परिणाम असा की बटण दाबण्यापूर्वीच, खिडकी तयार होतानाच, शोध होऊन जातो. आणि पुढे बटण कितीही दाबले तरी काही घडत नाही. भेद आहे तो शब्दाचा उल्लेख आणि शब्दाचा उपयोग यांतला. 'पाणी आण' म्हणणे वेगळे आणि ''पाणी' हा नपुंसकलिंगी शब्द आहे' असे म्हणणे वेगळे; दुसऱ्या वाक्याने तहान भागत नाही, आणि भागावी अशी अपेक्षाही नसते. व्याकरणशास्त्रात शब्द हा स्वतःच्या रूपाचा बोध करून देतो, त्याच्या अर्थाचा नव्हे, हा संकेत पाणिनीने आरंभीच घालून दिला आहे. बटणाला आपण कृती देत नसून कृतीचे नाव देत असतो. नाव देणारा एक, हाक मारणारा दुसरा आणि काम करणारे यंत्र तिसरे, ही वाटणी कळली की कंस लिहू नये हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. पडद्यावर मराठी अक्षरांचा कळफलक करावा म्हणून विद्यार्थी व्यंजनांच्या यादीवरून एक आवर्तन फिरवितो, आणि प्रत्येक फेरीत एक बटण तयार करून त्यामागे 'हे अक्षर लिही' असे बिननावाचे फंक्शन ठेवतो. बटणांवर क, ख, ग अशी अक्षरे बरोबर दिसतात. पण पायथनमध्ये कोणतेही बटण दाबले तरी 'ज्ञ' उमटतो. कारण 'हे अक्षर' याचा अर्थ बटण तयार होताना ठरत नाही, दाबताना ठरतो. आणि तोवर आवर्तन शेवटच्या अक्षरावर येऊन थांबलेले असते. वाण्याच्या दुकानातील 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी ज्याने वाचली आहे, त्याला हे समजणे कठीण जाऊ नये. 'आज', 'उद्या', 'हे', 'येथे' या दर्शक शब्दांचा अर्थ उच्चाराच्या प्रसंगावर अवलंबून असतो. पाटी लिहिली गेली त्या दिवसावर नव्हे, वाचली जाते त्या दिवसावर. उधारी हवी असेल तर पाटीवर तारीख घालून घेतली पाहिजे. प्रोग्रॅममध्येही उपाय तोच आहे : फंक्शन तयार होताना त्या वेळचे अक्षर त्याच्याजवळ मूल्य म्हणून बांधून द्यावे.

हे विवेचन केवळ उपमेच्या हौसेने केलेले नाही. मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग परके वाटते याचे एक कारण असे की त्याच्यापाशी आधीच असलेल्या ज्ञानाचा त्यात कोणी उपयोग करीत नाही.

५

नोंदी नष्ट झाल्या त्याचे दुसरे कारण स्थितीच्या अज्ञानात आहे. विद्यार्थ्याच्या लेखी नोंदी यादीच्या विजेटमध्येच राहत होत्या. किती नोंदी झाल्या हे हवे असल्यास तो यादीतील ओळी मोजी; एखादी नोंद बदलावयाची तर यादीतील ओळ बदली. फळ्यावर लिहिलेले म्हणजेच वहीत लिहिलेले, असे समजण्यासारखे हे होते.

हा भेद नवा नाही. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्स्काउग हे १९७८–७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना, त्यांनी वस्तूचे मनातील प्रतिरूप, तिचे पडद्यावरील दर्शन आणि वापरणाऱ्याच्या हालचाली स्वीकारणारा नियंत्रक असे तीन भाग वेगळे केले. मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही त्यांची नावे १९७९ पासून रूढ आहेत. पुढे ब्रॅड मायर्स यांनी १९९१ मधील एका निबंधात, बटणांमागे जागोजागी विखुरलेल्या कॉलबॅकांच्या गुंत्यावर बोट ठेवले. आणि मेरी बेथ रॉसन यांच्यासह १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, त्यांनी तपासलेल्या प्रोग्रॅमांतील सरासरी ४८ टक्के मजकूर दर्शनी भागासाठी खर्ची पडतो असे आढळले. जवळजवळ निम्मे श्रम ज्या भागात जातात, त्याची रचना विद्यार्थ्याला केवळ विजेटांच्या यादीने कशी उमगावी?

पेट्झोल्ड यांच्या पद्धतीत ही गोष्ट आपोआप शिकविली जाई. खिडकी झाकून पुन्हा उघडली की 'पुन्हा रंगव' असा संदेश येई, आणि पडदा काहीही लक्षात ठेवीत नाही हे विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच कळे. आजची विजेटे आपला मजकूर स्वतः सांभाळतात. त्यामुळे सोय होते, आणि त्या सोयीपोटी वही व फळा यांतला भेद पुसला जातो.

६

आतापर्यंतचे दोष कोणत्याही भाषेच्या विद्यार्थ्याला भोवणारे आहेत. आता जो दोष सांगावयाचा, तो मराठीसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला विशेष बाधतो. या पुस्तकांतील सर्व उदाहरणे इंग्रजी मजकुरावर बेतलेली असतात, आणि 'एक खूण म्हणजे एक अक्षर' हे गृहीत त्यांत न बोलता शिरलेले असते.

एक ठरावीक उदाहरण असे असते की चौकटीत लिहिलेला शब्द बटण दाबताच उलटा करून दाखवावा. 'मराठी' या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडात मात्र म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असे पाच संकेत असतात. पुस्तकातील रीतीने तो उलटा केला तर आरंभी निराधार वेलांटी येते आणि मग 'ठारम' उरते. अक्षरशः उलटा केला तर 'ठीराम' यावयास हवे. 'क्षि' हे एक अक्षर चार संकेतांचे आहे. त्यातील वेलांटी डोळ्यांना सर्वांत आधी दिसते आणि साठ्यात सर्वांत शेवटी असते. दुसरे उदाहरण चौकटीतील मजकुराच्या मर्यादेचे आहे. पुस्तकाच्या सल्ल्याप्रमाणे दहा खुणांची मर्यादा घातली आणि ग्रंथनामाच्या चौकटीत 'ज्ञानेश्वरी' लिहू लागलो, तर अकरावा संकेत नाकारला जातो. तो अंत्य वेलांटीचा असल्यामुळे नोंद 'ज्ञानेश्वर' अशी होते. ग्रंथाचा ग्रंथकार झाला तरी प्रोग्रॅम कोणतीही तक्रार करीत नाही.

यादी क्रमाने लावताना असाच अनुभव येतो. संकेतांच्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर आहे. वर्णमालेच्या आपल्या परंपरेत तो 'ह'च्या पुढे येतो. त्यामुळे 'काळ' हा शब्द 'कावळा', 'कासव', 'काहूर' यांच्या आधी जाऊन बसतो, आणि शोधणाऱ्याला तो अपेक्षित जागी सापडत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद मराठीच्या अभ्यासकाला सांगावयास नको. पण 'दऱ्या'तील रफार दोन रीतींनी साठविता येतो : एकीत नुक्त्याचा र, दुसरीत साधा र आणि त्याच्यामागे हलंत चिन्ह व न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही एकरूप दिसतात. शोधताना मात्र एकीची दुसरीशी गाठ पडत नाही. बोलींच्या संग्रहात अशा रीतीने एक शब्द दोन ठिकाणी विभागला जाऊन संख्या चुकतात, आणि चुकलेल्या संख्यांवर निष्कर्ष उभे राहतात.

लेबलांचा आणि संदेशांचा प्रश्न याहून रंजक आहे. इंग्रजीत बटणावर क्रियापदाचे साधे रूप लिहिले की भागते. ते आज्ञार्थ आहे की नाम, याचा निवाडा करावा लागत नाही. मराठीत तो करावाच लागतो. आमच्या वर्गात एकाने 'शोध' लिहिले, दुसऱ्याने 'शोधा', तिसऱ्याने 'शोधणे'. 'शोधा' म्हणताना मनुष्य यंत्राला आदरार्थी आज्ञा करतो की यंत्र मनुष्याला विनंती करते? हा वाद पोकळ वाटेल, पण एका विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅमने तो मार्गी लावला. तिच्या खिडकीत 'थांबा' हा शब्द दोनदा आला होता. बटणावर त्याचा अर्थ 'यंत्रा, काम बंद कर' असा होता. खालच्या संदेशपट्टीत 'वापरणाऱ्या, जरा धीर धर' असा होता. दोन परस्परविरुद्ध वक्ते एकाच शब्दाने बोलत होते. तिने विचार करून बटणावर 'थांबवा' आणि पट्टीत 'कृपया थांबा' असा बदल केला. बटणावरचे बोलणे मनुष्याचे आणि प्रयोजक, पट्टीतले बोलणे यंत्राचे. जो भेद प्रस्तुत लेखकाने घटनाचक्राच्या निमित्ताने तासभर समजावून सांगितला होता, तो मराठी क्रियापदाच्या एका 'व'काराने खिडकीवर उमटला.

संदेश तुकडे जोडून करण्याची पुस्तकी रीतही मराठीत टिकत नाही. संख्या, नाम आणि 'सापडले' हा ठरलेला शब्द जोडून वाक्य करावे, तर '१ नोंद सापडले' असे काहीतरी होते. शब्द सापडला, शब्द सापडले. नोंद सापडली, नोंदी सापडल्या. वाक्य सापडले, वाक्ये सापडली : लिंग आणि वचन क्रियापदापर्यंत पोचतात. म्हणून प्रत्येक प्रसंगाचे पूर्ण वाक्य वेगळे लिहून ठेवावे लागते. सदोष मराठी बोलणारी जी साधने आपण रोज पाहतो, त्यांतील पुष्कळांमागे अनुवादकाचे अज्ञान नसून अशी तुकडेजोड असते.

७

या मतावर काही आक्षेप येतील. पहिला असा की विजेटांच्या गोडीनेच विद्यार्थी टिकतो. घटनाचक्राने आरंभ केला तर वर्ग ओस पडेल. यात तथ्य आहे, आणि सी भाषेतील जुन्या कष्टांकडे परत जावे असे येथे सुचवावयाचेही नाही. दुसरा आक्षेप असा की मेजावरच्या संगणकाचे प्रोग्रॅम आता मागे पडले. सर्व काही ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालते. परंतु घटना, कॉलबॅक आणि स्थिती यांचे व्याकरण तेथेही हेच आहे. आणि जेथे इंटरनेटची जोडणी नाही अशा गावी क्षेत्रकार्य करणाऱ्याला आपल्या यंत्रावर स्वतंत्रपणे चालणारे साधन आजही लागते. तिसरा आक्षेप सर्वांत नवा आहे : आज साध्या भाषेत मागणी सांगितली की यंत्रच खिडकीचा सबंध प्रोग्रॅम लिहून देते, मग शिकावे कशाला? याचे उत्तर असे की लिहिण्याचे श्रम कमी झाले म्हणजे वाचण्याची जबाबदारी वाढते. नोंदी वहीत आहेत की केवळ फळ्यावर, हे लिहून आलेल्या प्रोग्रॅममध्ये ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या नोंदी पूर्वीइतक्याच असुरक्षित आहेत.

गेल्या दोन सत्रांत प्रस्तुत लेखकाने क्रम बदलून पाहिला. पहिल्या तासाला एकही बटण नसलेली खिडकी उघडावयाची, आणि तिच्यापर्यंत येणारी प्रत्येक घटना, म्हणजे माउसची हालचाल, कळ, आकारातील बदल, नुसती छापून पाहावयाची. विद्यार्थी चकित होतात. आपण काहीच केले नाही असे त्यांना वाटत असताना शेकडो घटना येऊन गेलेल्या असतात. दुसऱ्या तासाला एकच संख्या वहीत ठेवून ती दोन जागी दाखवावयाची, म्हणजे वही आणि फळा वेगळे होतात. तिसऱ्या तासाला मुद्दाम संथ शोध लिहून खिडकी गोठवावयाची आणि मग ती सोडवावयाची. यादी, मेनू, सरकपट्टी ही सर्व त्यानंतर. ती विद्यार्थी पुस्तकातून स्वतःच शिकतात, आणि तेथे कोष्टके खरोखर उपयोगी पडतात. चौकटीत लिहावयाचा पहिला शब्द मात्र पहिल्या दिवसापासून मराठी असावा, असा दंडक ठेवला. विद्यार्थी थोडे होते. त्यावरून सिद्धांत मांडणे धाडसाचे होईल. इतके मात्र सांगता येते की 'माझी खिडकी का गोठली?' या प्रश्नाचे उत्तर आता ते स्वतः शोधतात, आणि नोंदीचे बटण लिहिण्याआधी ती नोंद कोठे राहणार हे विचारतात.

भाषेच्या अभ्यासकाने यापासून दूर राहावे काय? आपण दूर राहिलो तर 'ळ' कोठे बसावा, 'दऱ्या' कशी सापडावी, बटणाने कोणाच्या तोंडून बोलावे, हे निर्णय थांबणार नाहीत. ज्यांना हे प्रश्न पडतच नाहीत अशांच्या हातून ते होत राहतील. खिडकीपुढे बसणारा मनुष्य हा तिचा स्वतंत्र कर्ता आहे, हे सूत्र विद्यार्थ्याला प्रथम कळावे. बटणांची नावे नंतर कळली तरी चालतील.